पुराण मागणारे श्रोते : गोमंतकातील एका संकटकाळाचा अभ्यास

२०२० च्या पावसाळ्यात महाविद्यालयांचे वर्ग बंद होते आणि शिकवणे मोबाईलवर चालले होते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला मी प्राचीन मराठी वाङ्मय शिकवत होते. वर्गात अकरा विद्यार्थी. त्यांतली सत्तरीतली एक मुलगी, घरात रेंज मिळत नाही म्हणून, रस्त्याकडेच्या चढावर छत्री धरून बसायची. तिने काही विचारले की तिच्या शब्दांमागे पावसाचा आवाज यायचा. अशाच एका तासाला फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ शिकवून झाले आणि सासष्टीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, त्या लोकांनी नवा धर्म घेतला होता ना? मग त्यांना पुराण कशाला हवं होतं?”

मी वर्षानुवर्षे देत आलेले उत्तर दिले. मिशनऱ्यांना नव्या धर्माची शिकवण लोकांपर्यंत पोचवायची होती. त्यासाठी लोकांच्या अंगवळणी पडलेला वाङ्मयप्रकार त्यांनी निवडला. ओवी ही तर मराठी कथनाची राजवाटच. उत्तर चुकीचे नव्हते. पण तास संपल्यावर माझ्या लक्षात आले की प्रश्न श्रोत्यांविषयी होता आणि मी उत्तर दिले होते मिशनऱ्यांविषयी. पुराण रचणाऱ्याचा हेतू आपण अभ्यासतो, परीक्षेत विचारतो. पुराण मागणाऱ्याची गरज मात्र आपल्या टिपणांत सहसा येत नाही.

प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या उत्तराचा शोध आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातील गोमंतक हा त्याचा मुख्य विषय. संकटात सापडलेल्या समाजाला गोष्टी धरून ठेवतात, असे आपण सहजपणे म्हणतो. त्या नेमक्या कशा धरून ठेवतात, हे या एका उदाहरणातून पाहता येते का, एवढाच प्रयत्न येथे केला आहे.

१. काय मोडले?

१५१० मध्ये तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली. बारदेश आणि सासष्टी हे महाल १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात आले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, सासष्टीतील १५६७ मध्ये. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मधला थोडा काळ वगळता ती १८१२ पर्यंत टिकली. या सनावळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. मात्र देऊळ पाडले म्हणजे गावाचे काय मोडले, हे समजून घ्यायला गोमंतकातील गावाची घडण लक्षात घ्यावी लागते.

येथील गाव गावकरीच्या व्यवस्थेवर उभा होता. जमीन सामाईक, तिच्या उत्पन्नातून देवाची सेवा, आणि देवाच्या सेवेभोवती गावाची कामे वाटलेली. कुणाकडे दिवटी, कुणाकडे वाजप, कुणाकडे फुले, कुणाकडे कीर्तन-पुराण. पेरणी-कापणीपासून शिगम्या-जत्रेपर्यंतचे सगळे वर्ष देवळाच्या अंगणातून फिरत असे. त्यामुळे देऊळ पडले म्हणजे पूजास्थान गेलेच. त्याबरोबर गावाने एकत्र येण्याचे दिवस गेले, आणि एकत्र आल्यावर कोणी काय करायचे याची वाटणीही गेली.

यासोबत ग्रंथही गेले. देशी भाषांतील धार्मिक पोथ्या बाळगणे धोक्याचे झाले. अनेक पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. त्यांपैकी काही वाचल्या त्या विलक्षण रीतीने. लोकांची भाषा व त्यांच्या कथा शिकून घेण्यासाठी मिशनऱ्यांनी रामायण-महाभारतातील कथा रोमी लिपीत उतरवून घेतल्या. अशी कोंकणी गद्यातील आणि मराठी पद्यातील हस्तलिखिते आज पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ज्यांना त्या कथा थांबवायच्या होत्या त्यांच्याच दप्तरात त्या सुरक्षित राहिल्या. मात्र दप्तरात राहिलेल्या कथेला श्रोते नव्हते.

या संदर्भात सासष्टीतील केळशी हे गाव ध्यानात ठेवावे. कृष्णदास शामा हा कवी या गावचा. त्याने भागवताच्या दशम स्कंधावर आधारलेली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ १५२६ मध्ये रचायला घेतली. सासष्टीवर पोर्तुगीज सत्ता स्थिरावण्यास तेव्हा सतरा वर्षे अवकाश होता. कृष्णचरित्र ओवीत रचणारा कवी गावात असतो, याचा अर्थ ते ऐकणारी मंडळीही असते. पुराण ही एकट्याने वाचण्याची वस्तू नव्हती. एकाने वाचावे, अर्थ सांगावा आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशीच तिची रीत होती. याच केळशीची शांतादुर्गा त्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी नदी ओलांडून कवळ्याला गेली. कवी, श्रोते आणि देवता एका गावात नांदत होती. एका पिढीच्या अंतराने ती पांगली.

२. पलीकडचे देव

जुवारी नदीच्या पलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, त्या काळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याकडे, रायची कामाक्षी शिरोड्याला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्व्याला गेला आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला.

देव नेणारी माणसे रात्रीच्या अंधारात होडीतून गेली, अशा आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. इतिहासकार त्यांतले किती मान्य करील हा प्रश्न वेगळा. मला त्यांतील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या माणसांनी देवाबरोबर गावाचे नावही नेले. वेर्ण्यात म्हाळसेचे देऊळ जिथे होते ती जागा म्हार्दोळ. अंत्रुजात ती जिथे आली ती जागाही म्हार्दोळच झाली. नवीन ठिकाणाला जुने नाव देणे म्हणजे रोजच्या बोलण्यात एक गोष्ट पेरून ठेवणे. म्हार्दोळला जातो म्हणणारा प्रत्येक माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, वेर्ण्याची आठवण काढत असतो. वेर्ण्यात जुन्या जागी अलीकडच्या काळात पुन्हा मंदिर उभे राहिले, ते या न पुसलेल्या आठवणीच्या आधाराने.

माझे आजोळ अंत्रुजातले. आजी देवाविषयी बोलताना ‘आमचे देव पलीकडचे’ असे म्हणायची. तिच्या जन्माआधी साडेतीनशे वर्षे देव अलीकडे आले होते. तिने जुनी जागा कधी पाहिलीही नव्हती. तरी तिच्या बोलण्यात आम्ही अंत्रुजात पाहुणेच होतो. लहानपणी मला ते हट्टीपणाचे वाटे. आता वाटते की विस्थापितांची ती शहाणी भाषा होती. पलीकडे जे राहिले त्यांच्याशी असलेला धागा त्या एका शब्दाने तुटू दिला नव्हता. सासष्टीतल्या अमक्या ख्रिस्ती घराण्याचे आणि आमचे कूळ एकच, हे ती अगदी सहज सांगायची, जणू ती माणसे कालच वेगळी निघाली होती.

३. जे मागे राहिले

नदी ओलांडणे सगळ्यांना शक्य नव्हते. ज्यांची जमीन येथे होती, घरात म्हातारी माणसे होती, पलीकडे कोणी ओळखीचे नव्हते, ते राहिले आणि ख्रिस्ती झाले. कोणी श्रद्धेने, कोणी भयाने, कोणी जमिनीसाठी, कोणी जुन्या व्यवस्थेत मान नव्हता म्हणून. आमच्या वाङ्मयेतिहासात नदी ओलांडणाऱ्यांविषयी आत्मीयतेने लिहिले जाते. मागे राहिलेल्यांविषयी मात्र दोन ओळी येतात आणि पुढे लगेच स्टीफन्सचे चरित्र सुरू होते.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे सासष्टीत गेली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत : पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ ‘अवस्वरू’, म्हणजे अध्याय, एकूण ओव्या सुमारे अकरा हजार. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र.

ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या निर्मितीचे निमित्त सांगितले आहे. धर्मशिक्षणाच्या सभेत नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एकजण पाद्रींना विचारतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : तुम्ही आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का करून देत नाही? ग्रंथाच्या आरंभी श्रोत्याने प्रश्न विचारणे हा पौराणिक रचनेचा संकेतच आहे, म्हणून अभ्यासक या प्रसंगाकडे संकेत म्हणून पाहतात. तो संकेत आहेच. परंतु या संकेतात भरलेला मजकूर वेगळा आहे. परंपरेतला श्रोता ज्ञानासाठी प्रश्न विचारतो. हा श्रोता एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो.

त्याच्याकडे धर्मशिक्षण होते. प्रश्नोत्तरे होती, प्रार्थना होत्या, चर्च होते. धर्म म्हणून जे द्यायचे ते दिले गेले होते, आणि तरीही त्याला काही कमी वाटत होते. जे कमी वाटत होते ते म्हणजे दिवसाचे काम आटोपल्यावर चार घरची माणसे बसतात, एकजण ओवी गातो, दुसरा अर्थ सांगतो, मधेच कोणी मान डोलावतो, मुले मांडीवर झोपी जातात, ती वेळ. पूर्वी त्या वेळेत कृष्णचरित्र होते. ते गेले, पण वेळ राहिली. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. धर्म बदलला तरी माणसांची ऐकण्याची सवय बदलली नव्हती, आणि त्या सवयीतच ती माणसे एकमेकांची होती.

याला भाषेचाही पुरावा आहे. स्टीफन्सने धर्मशिक्षणाची पुस्तिका कोंकणीत लिहिली. कोंकणीचे व्याकरणही त्याने रचले. म्हणजे लोक घरात काय बोलतात हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी पुराणासाठी त्याने मराठी वापरली. तिच्यात कोंकणी शब्द मिसळले, पण चाल मराठी ओवीची ठेवली. कारण त्या लोकांनी पुराण नेहमी मराठीतच ऐकले होते. घरात कोंकणी आणि पुराणात मराठी या दोन्ही भाषा एकाच माणसाच्या होत्या; आपल्याकडच्या भाषावादात हे साधे वास्तव वारंवार विसरले जाते. स्टीफन्स स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतो, तेही याच जाणिवेतून. नवी कथा जुन्या शब्दांच्या घरात राहायला आली.

‘ख्रिस्तपुराण’ १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. म्हणजे अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या. त्यापाठोपाठ फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा याचे संत पीटरवरील पुराण १६२९ मध्ये आले. नंतर हवा पालटली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने काढलेल्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम दिला. ‘ख्रिस्तपुराणा’चे छापणे थांबले. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींतून आला. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला. मंगळूर परिसरात घरांमध्ये आणि सणासुदीला तो गायला जाई. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तेथील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या बंदिवासात या पुराणाने आपल्याला तगवले, अशी त्या समाजाची आठवण आहे. पुढे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी ‘ख्रिस्तपुराणा’ची आवृत्ती काढली ती मंगळूरहून, आणि तिचा आधार होता अशा हस्तलिखितांचाच. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनमधल्या मार्सडन संग्रहात होते. जस्टिन अॅबट यांनी ते अभ्यासकांपुढे आणले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

छापील पुस्तक नष्ट झाले आणि ऐकले जाणारे पुस्तक टिकले. एकदा विस्थापनात आणि एकदा कैदेत, एकाच ग्रंथाने एका समाजाला सावरले. दोन्ही वेळा तो मोठ्याने, एकत्र बसून म्हटला गेला होता.

४. बहिणी आणि छत्र्या

नदीने दुभंगलेला हा समाज पुन्हा जोडला कसा, हा पुढचा प्रश्न. तह, कायदे, सुधारणा यांचा वाटा त्यात आहे. पण लोकांनी आपापल्या परीने गोष्टींचे पूल फार आधी घातले होते.

सात बहिणींची कथा गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई, मयेची महामाया आणि इतर. त्यांतली एक बहीण, लोकसमजुतीप्रमाणे मीराबाई, ख्रिस्ती झाली. तीच म्हापशाची मिलाग्रीस सायबीण. म्हापशाच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन जातात. धर्मशास्त्राच्या कोणत्याही चौकटीत ही कथा बसणार नाही. पण तिने एक मोठे काम केले. धर्मांतर झालेल्या शेजाऱ्याला काय म्हणायचे, हा प्रश्न गावासमोर होता. परका म्हणावे तर तो चुलतभाऊ. आपला म्हणावे तर देव वेगळा. कथेने त्याला नाते दिले. बहीण लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, तिचे आडनाव बदलते, कुळाचार बदलतो. तरी सणाला तिच्याकडे जावेच लागते. लोकांच्या अनुभवात ‘आपले पण दुसऱ्या घरचे’ असे एक नाते आधीच होते. कथेने धर्मांतराची जखम त्या नात्यात बसवली.

कुंकळ्ळीचे उदाहरण याहून कठीण आहे. तेथे १५८३ मध्ये रक्त सांडले. गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि नंतर गावच्या प्रमुखांना दगाफटक्याने मारण्यात आले. देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आज दरवर्षी फाल्गुनात देवी कुंकळ्ळीला येते आणि रंगीबेरंगी छत्र्यांच्या मिरवणुकीने, गुलाल उधळत परत जाते. बारा छत्र्या गावच्या बारा वांगडांच्या, आणि त्यांत ख्रिस्ती झालेल्या वांगडांचाही मान राखला जातो. वर्षातून एक दिवस देवी आपल्या जुन्या वाटेने चालते आणि सगळे गाव त्या वाटेवर असते. एवढ्या मोठ्या हिंसेनंतर हा मान कसा सांभाळला गेला असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी जरूर करावा. शिवोलीच्या जागरातही हिंदू आणि ख्रिस्ती एकाच मांडावर उतरतात.

या तिन्ही ठिकाणी गोष्ट आणि प्रसंग वेगळे करता येत नाहीत. सात बहिणींची कथा फेस्ताशिवाय, छत्र्यांची आठवण मिरवणुकीशिवाय आणि जागर मांडाशिवाय टिकला नसता. कथा लोकांना जवळ आणते हे खरे. पण लोकांनी आधी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी यावे लागते.

५. कुंपणे

हे चित्र फार गोड होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. जोडणाऱ्या या परंपरांनी कुंपणेही घातली. देवळाच्या अंगणात पुराण चालू असताना काही लोक अंगणाबाहेर उभे असत आणि त्यांना तेथेच उभे राहावे लागे. देव नदी ओलांडून गेले तेव्हा जातीही बरोबर गेल्या. जे मागे राहून ख्रिस्ती झाले त्यांच्यातही त्या राहिल्या. छत्र्यांचा मान कोणाचा आणि कोणाचा नाही, हा वाद आपल्या काळातही गावात होतो.

बायकांचे श्रवण तर निराळेच. पुराणिकासमोर त्या मागे बसत. त्यांचे स्वतःचे वाङ्मय जात्यावर, फुगडीत, धालोच्या मांडावर होते, आणि तेथे त्या स्वतःच सांगणाऱ्या आणि स्वतःच ऐकणाऱ्या होत्या. पौष महिन्यातल्या रात्री धालोला जमणाऱ्या बायकांनी संकटकाळ कसा निभावला याचा कागद कोणी केला नाही. म्हणून ‘समाज’ हा शब्द वापरताना कोण आत आणि कोण बाहेर, हे प्रत्येक वेळी विचारावे. संकटात सगळेच दुःखी असतात. सगळ्यांना सारखी जागा मिळतेच असे नाही.

६. पुन्हा वर्गात

मे २०२१ मध्ये, साथीची दुसरी लाट गोव्यात जोरात असताना, छत्री धरून बसणाऱ्या त्या मुलीचे आजोबा गेले. स्मशानात तिघेच होते. आमच्याकडे दुखवट्याच्या दिवसांत संध्याकाळी गरुडपुराण वाचतात. भाऊबंद, शेजारी येऊन बसतात. त्या वर्षी कोणी येऊ शकत नव्हते. भटजींनाही बाधा झाली होती. तेव्हा तिच्या चुलत भावाने पोथी उघडली आणि मोबाईल समोर ठेवून वाचू लागला. मुंबई, बेळगाव, पुणे, जिथे जिथे घरची माणसे होती तिथून ती रोज संध्याकाळी ठरल्या वेळी फोनवर येत. मुलगी पुन्हा त्याच चढावर बसे, कारण घरात रेंज नव्हतीच.

जूनमध्ये तिने मला हे सांगितले. मी विचारले, “पोथीतलं काही कळत होतं का?” ती म्हणाली, “नाही मॅडम. अर्थ कोणीच विचारत नव्हतं. पण वाचून झालं की सगळे थोडा वेळ थांबायचे. मग कोणीतरी आजोबांचं काहीतरी सांगायचं.”

त्याच मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसापुढची लादीनही बंद होती. शेजारच्या घरातली वयस्कर बाई आपल्या बलकांवात उभी राहून एकटीच सुरू करायची. दोन-तीन दिवसांनी समोरच्या बलकांवातून दुसरा आवाज आला. आठवड्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी म्हणणे चालू झाले, आपापल्या दारात, अंतर राखून. मी हे खिडकीतून ऐकत होते आणि माझ्या मनात स्टीफन्सच्या आरंभीचा तो श्रोता होता.

‘त्यांना पुराण कशाला हवं होतं?’ या प्रश्नाचे उत्तर आता मी असे देते : वाचून झाल्यावर जो थोडा वेळ सगळे थांबतात, त्यासाठी. पुराण हे त्या वेळेचे निमित्त असते. मात्र निमित्त म्हणून काहीही चालत नाही. त्याला परिचित चाल लागते, ठरलेली वेळ लागते, आणि आधीच्या पिढीने ते ऐकलेले असावे लागते. म्हणून श्रोत्याने पाद्रींकडे नुसती गोष्ट मागितली नाही; पुराण मागितले.

या वार्षिकाचे बरेच वाचक महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणारे आहेत. बेळगावात, इंदूर-ग्वाल्हेरीत, बडोद्यात, हैदराबादेत काय किंवा गोव्यात काय, आपल्या सर्वांची काळजी एकच असते : मुले मराठी वाचत नाहीत, विभागात विद्यार्थी कमी होतात, ग्रंथालयात पुस्तके आहेत पण वाचक नाहीत. माझ्या स्वतःच्या वर्गात त्या वर्षी अकरा होते. यंदा सात आहेत. आमच्या गावी श्रावणात देवळात पुराण चाले, ते पुराणिक थकल्यावर बंद पडले. पोथी तांबड्या फडक्यात बांधून कपाटात सुरक्षित आहे. ब्रागाच्या ग्रंथालयातील हस्तलिखितांइतकीच सुरक्षित.

यावर मोठी योजना माझ्याकडे नाही. तीन लहान कामे मी माझ्या वर्गात सुरू केली आहेत, ती येथे नोंदवते. पहिले, प्राचीन वाङ्मयाचा प्रत्येक तास दहा मिनिटांच्या सामूहिक वाचनाने सुरू होतो. पुस्तक मिटून ऐकायचे, अर्थ नंतर. सुरुवातीला मुले हसली. आता चाल चुकली तर तीच थांबवतात. दुसरे, प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा वाड्यावरच्या एका वयस्कर माणसाला, तुम्ही लहानपणी एकत्र बसून काय ऐकत होता, हे विचारून लिहून आणायचे. काय ऐकले, यापेक्षा कुठे, कोणत्या दिवशी, कोण कुठे बसत होते आणि कोणाला बसू दिले जात नव्हते, हे विचारायचे. जमलेल्या नोंदींत पुराण आहे, लादीन आहे, धालो आहे, रेडिओवरची श्रुतिका आहे, आणि गिरणीतल्या दळणाच्या रांगेत सांगितल्या जाणाऱ्या भुतांच्या गोष्टीही आहेत. तिसरे काम मुलांनीच सुचवले. श्रावणातल्या चार शनिवारी गावच्या वाचनालयात वाचन ठेवायचे. ज्याला जे वाचायचे असेल ते, पण मोठ्याने आणि बसून. पहिल्या शनिवारी नऊ माणसे आली. शेवटच्या शनिवारी चौदा. त्यांत गावातली एक आजी होती, जी पूर्वी देवळाच्या अंगणात कधी बसली नव्हती. तिने सांगितलेली गोष्ट सर्वांत लांबली आणि कोणी उठले नाही.

चौदा हा आकडा लहान आहे याची मला जाणीव आहे. पण सासष्टीत पाद्रींसमोर उभा राहून ज्याने पुराण मागितले, तोही एकटाच होता. पुढच्या श्रावणाचे चार शनिवार आम्ही आत्ताच ठरवून टाकले आहेत आणि वाचनालयाच्या फळ्यावर तारखा लिहून ठेवल्या आहेत.